न दिसणारी काजळी

लोणंदहून फलटणकडे येणारा रस्ता महाराष्ट्राला मुख्यत्वे पालखीचा रस्ता म्हणून ठाऊक आहे. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरेचे स्नान आटोपून सातारा जिल्ह्याच्या हद्दीत शिरते, लोणंदचा मुक्काम होतो, चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते, तरडगाव मागे पडते, आणि मग निंबाळकरांच्या जुन्या राजधानीत, विमानतळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंतु विमानांपेक्षा राहुट्यांच्याच अधिक परिचयाच्या मैदानावर तो सारा समुदाय विसावतो. वारीच्या दिवसांत या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले, म्हणजे टाळमृदंगाच्या सोबतीने आणखीही काही चालताना दिसते. तंबू, शिधा आणि भांडी वाहणारे दिंड्यांचे मालट्रक, पाण्याचे टँकर, आणि गर्दीत अडकल्यामुळे पहिल्या गिअरमध्ये कण्हत निघालेली त्यांची इंजिने. चालता चालता एखादा वारकरी उपरण्याने कपाळ टिपतो, कापडावर करडा पट्टा उमटतो, आणि धुळीचाच असणार असे समजून तो उपरणे झटकून पुन्हा खांद्यावर टाकतो.

तो पट्टा निव्वळ धुळीचा नसतो, आणि त्यात जे काही असते त्यांपैकी डोळ्यांना दिसणारा भाग सर्वांत कमी अपायकारक असतो, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे. धूर काळा म्हणजे वाईट आणि दिसेनासा झाला म्हणजे चांगला, हा आपल्या सर्वांचा जुना आडाखा डिझेलच्या बाबतीत अर्धाच खरा ठरला आहे; आणि हे समजून घेण्यास फलटणइतके सोयीचे गाव दुसरे नसेल. कारण याच लोणंद रस्त्यावर, सुरवडीच्या बाजूस, कमिन्स कंपनीचा डिझेल इंजिने बनविणारा विस्तीर्ण प्रकल्प आहे, आणि त्याच रस्त्यावर फलटणच्या अलीकडे तांबमाळावर निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, जिने विसावे शतक संपता संपता डिझेल आणि पेट्रोल यांवाचून चालणारी रिक्षा बनवून दाखविली. एकाच रस्त्यावर रोग आणि औषध, असे म्हणण्याचा मोह होतो खरा, पण तो आवरावा लागतो; प्रकरण तितके सरळ नाही.

वीज घरोघर पोहोचण्यापूर्वी ज्यांचे बालपण गेले त्यांना दिवेलागणीपूर्वी कंदिलाची काच पुसण्याचे काम आठवत असेल. चिमूटभर राख, जुन्या धोतराचा फडका, आणि मोठ्यांचा हात त्या काचेत शिरत नसल्यामुळे ज्याचा शिरतो असे घरातले लहान मूल, एवढी त्या कामाची सामग्री. माझा हात बरीच वर्षे त्या मापाचा होता. रात्री अभ्यासाला उजेड जास्त हवा म्हणून वात वर सरकवली, की ज्योत लांब आणि पिवळी होई, काचेचा गळा काळवंडू लागे आणि आतून आजीचा आवाज येई, “वात खाली कर रे, काजळी धरतेय.” आजीने रसायनशास्त्र पढलेले नव्हते, परंतु तिचे निदान अचूक होते. तेलाची वाफ जास्त आणि तिला मिळणारी हवा कमी, असे झाले की तेलातील कार्बन पुरता जळत नाही आणि सूक्ष्म कणांच्या रूपाने मागे उरतो. ताटलीवर धरला तर तो काजळ होऊन डोळ्यांत जातो, आणि धरला नाही तर हवेत जाऊन मग नाकात.

डिझेलचे इंजिन म्हणजे मिनिटाला शेकडो वेळा विझून पुन्हा पेटणारा असाच एक कंदील होय. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. येथे तो नसतो. हवा दाबून दाबून मूळ आकारमानाच्या पंधराव्या, विसाव्या हिश्शाएवढी केली की ती इतकी तापते, की नोझलमधून आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. या युक्तीमुळेच ते इंधन कमी खाते आणि ओझे अधिक ओढते. परंतु फवाऱ्याच्या गाभ्यापर्यंत हवा पोहोचण्यास अवधी लागतो, तेथे ज्योत हवेवाचून गुदमरते आणि काजळी धरते. उलट फवाऱ्याच्या कडेला जेथे हवा भरपूर आणि उष्णता प्रचंड, तेथे एरवी निरुपद्रवी असणारा हवेतला नायट्रोजनच ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. एक दोष कमी करू जावे तर दुसरा बळावतो, ही यंत्रशास्त्रज्ञांची शंभर वर्षांची डोकेदुखी आहे. मेकॅनिक मंडळींनी आपल्यापुरते धुराचे नाडीशास्त्र बसविले आहे: काळा धूर म्हणजे एअर फिल्टर तुंबला किंवा पंप-नोझलचे काम निघाले, निळा म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे, पांढरा म्हणजे डिझेल कच्चेच बाहेर पडते आहे. हे निदान इंजिनाच्या प्रकृतीचे झाले. माणसाच्या प्रकृतीचे वेगळे.

डिझेलला सरसकट शिव्याशाप देणे मात्र कृतघ्नपणाचे होईल, आणि आमच्या भागात तर विशेषच. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखविले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९१० साली, औंधचे संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या हवाली केला आणि निवडुंग व साप यांच्या त्या राज्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९४६ मध्ये त्याच घराण्याने पुण्यास ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला, आणि सातारा-सांगलीच्या विहिरींवर मोटेच्या गाण्याच्या जागी इंजिनाची फटफट ऐकू येऊ लागली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. तिच्यामागून आलेल्या डिझेलच्या गाड्यांनी मुलींना हायस्कुलात आणि बाळंतिणींना दवाखान्यात पोहोचविले. ज्या इंजिनाने एवढे दिले त्याच्याकडे संशयाने पाहण्यास आपण उशीर केला, यात नवल नाही.

संशय मात्र जुना होता. फ्रान्समधील लियाँ येथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. कोणता पदार्थ कर्करोगास कारण होतो याचा पुरावा तपासून त्याची प्रतवारी लावणे हे तिचे एक मुख्य काम. या संस्थेने १९८८ साली डिझेलच्या धुरास “बहुधा कर्करोगकारक” या वर्गात घातले आणि पुरेशा पुराव्याअभावी प्रकरण तेथेच थांबले. जून २०१२ मध्ये मात्र “बहुधा” हा शब्द गळाला. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या पहिल्या वर्गात आहेत त्याच वर्गात डिझेलचा धूर जाऊन बसला. या निर्णयामागील एक मोठा आधार अमेरिकेतील खाणकामगारांच्या अभ्यासाचा होता. कोळशाखेरीज अन्य खनिजांच्या ८ खाणींमधील १२,३१५ कामगारांचे दप्तर तपासण्यात आले. भूगर्भात डिझेल यंत्रांच्या धुरात सर्वाधिक काळ वावरलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा संभव, सर्वांत कमी धूर घेतलेल्यांच्या मानाने, सुमारे तिप्पट आढळला. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. पहिल्या वर्गात असणे याचा अर्थ पुरावा पक्का आहे एवढाच. डिझेलचा धूर सिगारेटइतकाच घातक, असा तो नव्हे. धोका किती, हे धूर किती आणि किती वर्षे घेतला यावर ठरते.

कर्करोगाचे नाव निघाले की आपण दचकतो, पण शहरातल्या माणसाला या धुराचा पहिला हिसका बसतो तो छातीला आणि हृदयाला. लंडनमधील ऑक्सफर्ड स्ट्रीट हा रस्ता त्या काळी केवळ बसगाड्या आणि टॅक्सी यांनाच मोकळा होता आणि ही वाहने जवळजवळ सारी डिझेलवर चालत. संशोधकांनी दम्याचा सौम्य किंवा मध्यम विकार असलेल्या ६० जणांना एके दिवशी या रस्त्याने दोन तास चालविले आणि अन्य एका दिवशी जवळच्याच हाइड पार्क या उद्यानात तितकाच वेळ. रस्त्यावरच्या फेरीनंतर त्यांच्या फुप्फुसांची हवा बाहेर टाकण्याची शक्ती उद्यानातल्यापेक्षा स्पष्टपणे अधिक घटलेली दिसली. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी स्कॉटलंड व स्वीडनमधील संशोधकांनी पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २० पुरुषांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एकदा शुद्ध हवेत आणि एकदा विरळ केलेल्या डिझेलच्या धुरात, एकेक तास, मधूनमधून सायकल मारीत त्यांना बसविले. आपण कोणती हवा घेत आहोत हे त्यांना सांगितलेले नव्हते. धुरातल्या तासात हृदयाच्या आलेखावर रक्तपुरवठा अपुरा पडत असल्याची खूण अधिक ठळक उमटली. वाहत्या चौकात आपण जी हवा निमूटपणे घेतो तीच, एका तासापुरती.

नाकातले केस आणि श्वासनलिकेतला कफ ही शरीराच्या वेशीवरची चौकी होय. रस्त्यावरची जाडीभरडी धूळ ती अडविते. पण डिझेलची काजळी तिच्या डोळ्यांदेखत पसार होते, कारण तिचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात, आणि डोक्याचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. हे कण थेट फुप्फुसांच्या वायुकोशांत पोहोचतात. तेथे गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात खऱ्या, परंतु कार्बन पचत नाही. पेशी चिडतात, दाह सुरू होतो, त्या दाहाची वर्दी रक्तात जाते, रक्त गोठण्याकडे झुकते आणि रोहिण्यांचा लवचीकपणा उणावतो. शिवाय हा कण मोकळ्या हातांनी येत नाही. त्याच्या खडबडीत अंगावर अर्धवट जळलेल्या तेलातील बेंझोपायरीनसारखी विषारी द्रव्ये चिकटलेली असतात. टपाल्याच्या पिशवीसारखा तो त्यांना दारापर्यंत आणून सोडतो. मुलांचा श्वास वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक, आणि गाडीच्या मागे उभ्या राहिलेल्या सहा वर्षांच्या पोराचे नाक मोठ्यांच्या नाकापेक्षा सायलेन्सरच्या अधिक जवळ.

आता कायद्याकडे वळू. भारतात सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा, २००९ च्या मानकांनुसार, एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली शिफारस ५ वर आणून ठेवली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला आणि मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांची यादी केली. तीत महाराष्ट्रातील मुंबई-पुण्याबरोबर सांगलीचेही नाव आहे; फलटणचे नाही. यादीत नाव नसणे हा हवा शुद्ध असल्याचा दाखला मात्र नव्हे, कारण जेथे अनेक वर्षे मोजमाप झाले अशाच शहरांतून ही यादी निघाली. तालुक्याच्या गावी जमिनीची मोजणी चोख होते, पर्जन्यमान नोंदले जाते, दुधाचे फॅट दररोज दोनदा तपासले जाते. हवेची मोजणी करण्याची तजवीज बहुतेक ठिकाणी अद्याप व्हावयाची आहे.

आपल्याकडील वाहनतपासणीचा सारा डोलारा पीयूसी नामक कागदावर उभा आहे. डिझेल गाडीच्या बाबतीत ही चाचणी कशी होते हे एकदा पेट्रोल पंपाशेजारच्या त्या लहानशा मोटारीत डोकावून पाहावे. सायलेन्सरमध्ये नळी घालतात, रिकामे चालणारे इंजिन एकदम पूर्ण रेस करतात, आणि धुरातून प्रकाशाचा किरण किती अडला हे यंत्र सांगते. म्हणजे ही चाचणी मूलतः दृश्य धुराची आहे. कंदिलाची काच कितपत काळी झाली हे ती पाहते. नायट्रोजनची ऑक्साइडे किंवा अतिसूक्ष्म कण यांच्याशी तिला कर्तव्य नाही. नेदरलंड, बेल्जियम, जर्मनी यांनी अलीकडे तपासणीच्या वेळी कणांची संख्याच मोजण्यास आरंभ केला, तो याच कारणाने. धुराड्यातला फिल्टर काढून टाकलेली गाडी जुन्या चाचणीत राजरोस उत्तीर्ण होत असे.

सुधारणा झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत दहा हजार भाग गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस.-६ मानके लागू झाली आणि ते प्रमाण दहावर आले. गंधक गेल्यामुळेच धुराड्यात काजळी अडविणारा फिल्टर टिकू लागला. नव्या मालट्रकला डिझेलच्या टाकीजवळ निळ्या टोपणाची दुसरी एक टाकी असते. तीत युरियाचे साडेबत्तीस टक्के द्रावण असते. (उसाला टाकतो तो युरिया पाण्यात विरघळवून येथे ओतण्याचा उद्योग कोणी करू नये; द्रावण अतिशुद्ध लागते, नाही तर यंत्रणा चोंदते.) त्यातून निघणारा अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे पुन्हा साध्या नायट्रोजनात व पाण्यात रूपांतर करतो. अमेरिकेत २०१५ साली फोक्सवागेन कंपनीचे बिंग फुटले ते याच ऑक्साइडांवरून: प्रयोगशाळेत सज्जन आणि रस्त्यावर उनाड अशा गाड्या तिने लाखोंनी विकल्या होत्या. मोठ्या शहरांत न्यायालयांनी हुकूम सोडले तेव्हा पाने हलली. दिल्लीच्या बसगाड्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशाने २००२ च्या अखेरीस सी.एन.जी.वर गेल्या, मुंबईतील टॅक्सींचे प्रकरण रहिवाशांनी १९९९ मध्ये उच्च न्यायालयात नेले. फलटणच्या वडापाच्या गाड्यांना कोण न्यायालयात नेणार?

या पार्श्वभूमीवर तांबमाळावरच्या त्या रिक्षेचे महत्त्व ध्यानात येते. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये संस्था काढली ती शेती आणि पशुपालन यांच्या संशोधनासाठी. १९८१ साली अमेरिकेतील अध्यापन सोडून डॉ. अनिल राजवंशी तेथे आले आणि ऊर्जा हा विषय त्यांनी फलटणच्या मातीत रुजविला. गोड ज्वारीपासून इथेनॉल काढणे, त्यावर चालणारे कंदील आणि शेगड्या बनविणे, असे उद्योग चालू असतानाच त्यांनी सायकल रिक्षेकडे लक्ष वळविले. धूर ओकणाऱ्या तीनचाकी गाड्या एका बाजूस आणि माणसाने माणसाला ओढण्याचे लाजिरवाणे कष्ट दुसऱ्या बाजूस, या दोहोंतून वाट काढावी असा त्यांचा विचार होता. सुधारलेली पायडलची रिक्षा, मोटारीचे साह्य असलेली पायडलची रिक्षा आणि निव्वळ बॅटरीवर चालणारी ‘इलेक्शा’ अशी तीन रूपे त्यांनी सिद्ध केली आणि २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांची हकीकत छापली. बॅटरीच्या रिक्षेला मोटार वाहन नियमांत रीतसर स्थान मिळाले २०१४ साली. मधली बारा वर्षे ती कायद्याच्या नजरेने अस्तित्वातच नव्हती. राजवंशींना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. योगायोग असा, की त्याच वर्षी १ जूनला एस.टी.ची विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ गाडी त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, जेथे १९४८ साली पहिली गाडी सुटली होती.

या सर्व सुधारणांच्या कक्षेबाहेर एक वाहन राहून गेले आहे, आणि नेमके तेच आमच्याकडे सर्वाधिक. मालट्रकला लागू झालेले कडक नियम ट्रॅक्टरला लागू नाहीत. त्याची मानके निराळी. त्यांतील नवा टप्पा २०२३ पासून आला तोही ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांपुरता. आता हंगामाचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास उसाचे गळीत सुरू होऊन हे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि नेमके तेव्हापासून, रात्री जमिनीलगतची हवा गार पडून वरच्या उबदार थराखाली झाकण घातल्याप्रमाणे कोंडू लागते. उन्हाळ्यात जो धूर वर निघून जातो तोच पौष-माघात कमरेइतक्या उंचीवर रेंगाळतो. त्या धुरात रस्त्याकडेच्या कोप्यांतून तोडणी कामगारांची मुले झोपलेली असतात.

गेल्या माघात एका साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर पहाटे साडेपाचला मी अशीच एक रांग पाहिली. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर वजनकाट्याच्या दिशेने तोंड करून उभे होते, आणि बहुतेकांची इंजिने चालूच होती. ट्रॅक्टरचे धुराडे बॉनेटवर, चालकाच्या नाकासमोर चार हातांवर उभे असते, हे त्या दिवशी प्रथमच नीट ध्यानात आले. झाकणाची पत्री टोपी प्रत्येक धक्क्यासरशी उघडत होती आणि टक् टक् वाजत होती. चालक कानटोपी घालून, मफलरीत तोंड खुपसून, स्टिअरिंगवर डोके टेकून झोपला होता. रांग हलल्यावर जागा झाला तेव्हा मी विचारले, “दादा, तासभर झाला उभे आहात. बंद का नाही करत?”

“बंद करून काय करू काका? बॅटरी उतरलीया. बंद केलं तर ह्यो परत चालू व्हायचा न्हाई. घरी असतो तर उतारावर लावला असता, हितं सपाटीला कोण ढकलणार, दोन ट्रॉल्या भरलेल्या?”

“मग नवी बॅटरी?”

“वाहतुकीचं बिल निघालं की टाकतो,” तो म्हणाला, आणि गिअर टाकून ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह रांगेत पाच-सहा हात पुढे सरकवून पुन्हा उभा राहिला.